बंबावर लागायचंय? आधी उंची मोजा, मग फी भरा

दिवाळीत भाचा आला तो हातात फाइल घेऊनच. फराळाला बसायच्या आधीच म्हणाला, "मामा, मला बंबावर लागायचंय." फाइलीत 'फायर अँड सेफ्टी'चा एक वर्षाचा डिप्लोमा होता. जाड कागद, सोनेरी शिक्का, वर लाल ज्वाळेचं चित्र. कुठल्याशा खाजगी संस्थेत साठ हजार भरून केलेला.

"उंची किती तुझी?" मी विचारलं.

"पाच-आठ."

"सेंटिमीटरमध्ये सांग."

तो गप्प झाला. ताई म्हणाली, "अरे, उंचीचं काय घेऊन बसलास? शिकलाय तो आगीचं."

आमच्या गावच्या अभ्यासिकेत मी मुलांना भरतीच्या जाहिराती फोडून सांगतो. पोलीस, तलाठी, वनरक्षक यांचे नियम मुलांना तोंडपाठ असतात. अग्निशमन दलाचं मात्र कुणालाच नीट माहीत नसतं. निम्मी मुलं 'अग्निशामक' आणि 'अग्निवीर' यांत गोंधळतात. त्यातली एक आग विझवायची नोकरी, दुसरी २०२२ साली आलेली सैन्यभरतीची योजना. उरलेली निम्मी आधी कोर्स करतात आणि मग जाहिरात वाचतात. भाचा त्यातलाच निघाला. त्याला त्या दिवशी जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितोय.

महाराष्ट्राचं एकच अग्निशमन दल नाही

सगळा घोळ इथून सुरू होतो. पोलीस दल राज्याचं असतं. शिपाई साताऱ्यात भरती झाला काय किंवा नांदेडात, नियम एकच. अग्निशमनाचं तसं नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीनं जी कामं नगरपालिका-महापालिकांकडे सोपवायची म्हणून बाराव्या अनुसूचीत लिहिली, त्यात अग्निशमन सेवा आहे. म्हणजे पुण्याचं दल पुणे महापालिकेचं, नागपूरचं नागपूर महापालिकेचं, तुमच्या तालुक्याचा एकुलता एक बंब नगरपरिषदेचा. एमआयडीसीची स्वतःची अग्निशमन केंद्रं आहेत, सिडकोची आहेत. राज्याचं अग्निशमन सेवा संचालनालय आहे खरं, पण ते प्रशिक्षण, कायदा आणि देखरेख बघतं. तुमच्या पगाराचा धनी ती ती महापालिका.

गोव्यात उलटं आहे. तिथं सगळ्या राज्याला मिळून एकच अग्निशमन व आपत्कालीन सेवा संचालनालय आहे, मुख्यालय पणजीला सांतिनेजमध्ये. त्यामुळे गोव्याच्या पोरांना एकच नियमावली पाठ करावी लागते. आपल्याकडे प्रत्येक महापालिकेचे सेवाप्रवेश नियम वेगळे, पदाचं नाव वेगळं, कधी शिक्षणाची अट वेगळी. एकीकडे 'अग्निशामक', दुसरीकडे 'फायरमन', पिंपरी-चिंचवडकडे 'अग्निशमन विमोचक'. काम तेच. पण गुगलवर एकच शब्द टाकून बसलात तर निम्म्या जाहिराती दिसणारच नाहीत.

दोन रस्ते, आणि मधली सात सेंटिमीटरं

मुंबई आणि बाकीचा महाराष्ट्र असे दोन रस्ते धरा.

मुंबई महापालिकेनं २०२२-२३ मध्ये अग्निशामकांच्या ९१० जागा भरल्या. अट होती बारावी ५० टक्क्यांनी पास, कुठलीही शाखा. खुल्या वर्गासाठी वय २० ते २७. आणि उंची पुरुषांना १७२ सेंटिमीटर, महिलांना १६२. आधी कुठला कोर्स केलेला असण्याची गरज नव्हती. निवड झाली की प्रशिक्षण महापालिका देणार.

बाकीच्या बहुतेक महापालिका, नगरपरिषदा आणि एमआयडीसी यांची अट साधारण अशी असते: दहावी पास, उंची १६५ सेंटिमीटर, वजन निदान ५० किलो, छाती ८१ आणि फुगवून ८६, एमएससीआयटी, आणि राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा अग्निशामक कोर्स. हे केंद्र मुंबईत सांताक्रूझ पूर्वेला, कालिन्याच्या विद्यानगरी परिसरात आहे.

आता गंमत बघा. १७४ उंचीचा बारावी पास मुलगा एकही कोर्स न करता मुंबईच्या मैदानात उतरू शकतो, पण जवळच्या नगरपरिषदेत त्याचा अर्ज बाद. १६७ उंचीचा मुलगा कितीही काटक असू दे, मुंबईत मोजपट्टीपाशीच संपला; मात्र सहा महिन्यांचा कोर्स केला तर बाकी सगळा महाराष्ट्र त्याला मोकळा. म्हणून पहिला प्रश्न उंचीचा. फूट-इंचात नाही, सेंटिमीटरमध्ये, अनवाणी, आणि दुपारनंतर. सकाळी उठल्या उठल्या माणूस सेंटिमीटरभर उंच भरतो, कारण झोपेत मणक्यांमधल्या चकत्या फुगलेल्या असतात. भरतीच्या रांगेत तुमचा नंबर सकाळी लागेल याची हमी कुणी देत नाही.

कालिन्याच्या कोर्सला वयाची अट आहे, आणि तीच मुलांना नडते. गेल्या काही वर्षांच्या प्रवेशाच्या जाहिरातींत अग्निशामक कोर्ससाठी वय १८ ते २३ आणि खुल्या वर्गाला दहावीत ५० टक्के अशी अट होती. राखीव प्रवर्गांना सवलत. पदवी झाली असेल तर वरचा कोर्स आहे, उपस्थानक व अग्नि प्रतिबंधक अधिकारी, एक वर्षाचा, वय १८ ते २५. म्हणजे बारावीनंतर दोन वर्षं 'बघू' करण्यात, मग दोन वर्षं पोलीस भरतीत आणि मग 'आता फायर बघतो' असं म्हणणाऱ्याचं वय केव्हाच उलटून गेलेलं असतं. प्रवेशाची जाहिरात रोज निघत नाही. संचालनालयाच्या संकेतस्थळावर येते आणि मुदत थोडी असते.

आणि तो साठ हजारांचा डिप्लोमा? अगदीच रद्दी नाही. कारखान्यात, मॉलमध्ये, टोलेजंग इमारतीत सेफ्टीच्या खाजगी नोकरीला असले कागद कधी कधी चालतात. पण जाहिरातीत 'राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्र' असं लिहिलेलं असताना तिथं तो दाखवला तर टेबलापलीकडचा माणूस वर न बघताच परत करतो. असले कोर्स विकणाऱ्यांच्या पत्रकावर 'शासकीय नोकरीची संधी' हे मोठ्या अक्षरात असतं आणि मान्यता कुणाची ते बारीक अक्षरात, किंवा नसतंच. फी भरायच्या आधी एकच विचारा: हा कोर्स चालणाऱ्या एका तरी महापालिकेची छापील जाहिरात दाखवा. दाखवत नसतील तर चहा पिऊन परत या.

मैदानात काय होतं

मैदानी चाचणी आणि रोजचं काम यांचं नातं मुलांच्या लक्षात येत नाही. त्यांना वाटतं, पोलिसांसारखंच, पळायचं आणि गोळा फेकायचा. इथं प्रत्येक चाचणी कामातून उचललेली आहे.

८०० मीटर धावणं असतं. हे मॅरेथॉनचं अंतर नाही, ४०० मीटरच्या मैदानाच्या दोन फेऱ्या. पहिली फेरी जोशात जाते आणि दुसरीत फुप्फुसं पेटतात. नेमकं तेच बघायचं असतं, कारण आगीवरही सगळी ताकद पहिल्या काही मिनिटांत लावावी लागते. रोज पाच किलोमीटर रमतगमत पळून ८०० ची तयारी होत नाही. २०० मीटर जोरात, थोडं चालणं, पुन्हा २०० जोरात, असं सहा-आठ वेळा करा. आठवड्यातून दोनदा पुरे.

५० किलोची मानवाकृती खांद्यावर घेऊन न्यायची असते. वजन उचलणाऱ्या पोरांना हे सोपं वाटतं. पण लोखंडाची दांडी हातात नीट बसते; बेशुद्ध माणूस हा निसटणारा, लोंबकळणारा, कुठंही न बसणारा ऐवज असतो. जिमच्या पैशांपेक्षा रेतीचं पोतं बरं. २० किलोपासून सुरुवात करा, दर आठवड्याला दोन-तीन किलो रेती वाढवा, पोतं घट्ट भरू नका, थोडं ढिलंच राहू द्या. ते अंगावर कसंही लोळू लागलं की समजा, सराव बरोबर चाललाय.

शिडी असते, दोर असतो. इथं मल्लखांब केलेल्या मुलांचं फावतं. दोरीचा मल्लखांब येणाऱ्या मुलीला सरकारी दोरावर चढायला कुणी शिकवावं लागत नाही. आमच्याकडच्या तालमीत पोरं पूर्वी हे खेळायचीच. आता तालमीच्या जागी जिम आली आणि दोर माळ्यावर गेला.

आणि उडी. मुंबईच्या भरतीत १९ फुटांवरून खाली ताणून धरलेल्या जंपिंग शीटमध्ये उडी मारायची होती. १९ फूट म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या खिडकीएवढं. ऐकायला काहीच नाही. वर उभं राहून खाली बघितल्यावर मात्र ताकदवान पोरांचे पाय थिजतात. ही चाचणी ताकदीची नाहीच. विहिरीत सूर मारत वाढलेल्या पोराला ती सोपी जाते, आणि तशी विहीर आता फार गावांत राहिलेली नाही. पोहणं येत नसेल तर शिका. पुढं पुराच्या कामाला लागतंच.

मैदानानंतर वैद्यकीय तपासणी. बहुतेक ठिकाणी चष्मा नसलेली नजर मागतात आणि रंगांधळेपणा चालत नाही. रंगांधळेपणाचं मुलांना हसू येतं. पण गॅसचं सिलिंडर कुठलं, वायर कुठली, धुराचा रंग काय, हे त्या धावपळीत डोळ्यांनीच ओळखायचं असतं. ही तपासणी आपल्या गावच्या नेत्रतज्ज्ञाकडे शे-दोनशे रुपयांत होते. दोन वर्षं मैदान घासून मग शेवटच्या दिवशी हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

वर्दी आली की काय होतं

दलात कॉल म्हणत नाहीत, वर्दी म्हणतात. १०१ वर फोन आला, वर्दी झाली, घंटा वाजली की गाडी बाहेर. सिनेमातल्यासारखी आग रोज नसते. पावसाळ्यात झाडं पडतात, ती कापायची. संक्रांतीत मांजात अडकलेली घार सोडवायची. लिफ्टमध्ये अडकलेले आजोबा, विहिरीत पडलेली गाय, आतून कडी लागलेल्या घरात रडणारं पोर, रस्त्यावर सांडलेलं ऑइल, गॅसची गळती, इमारत कोसळली तर ढिगारा. ज्याला फक्त ज्वाळांशी झुंजायचंय त्याचा इथं भ्रमनिरास होतो. ज्याला कुणाची तरी अडचण सोडवण्यात समाधान आहे, तो टिकतो.

आणि आग लागते तेव्हा माणूस बहुतेक वेळा ज्वाळेनं जात नाही, धुरानं जातो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींनी जास्त घट्ट चिकटतो. वास नाही, रंग नाही. माणूस उठायचं म्हणतो आणि उठू शकत नाही. म्हणून जवानाचं पहिलं हत्यार पाण्याचा पाइप नसतो, पाठीवरची हवा असते. त्याला बीए सेट म्हणतात, श्वसनयंत्र. त्यात ऑक्सिजन भरलेला असतो असा सगळ्यांचा समज आहे. असते ती साधी हवा, दाबून भरलेली. आगीत शुद्ध ऑक्सिजन नेणं म्हणजे चुलीत तूप नेणं.

आता हा हिशेब बघा, कारण प्रशिक्षणात हा पहिल्या काही दिवसांतच डोक्यात बसवतात. सहा लिटरचं सिलिंडर ३०० बार दाबानं भरलं की त्यात साधारण १८०० लिटर हवा बसते. मध्यम श्रमाला माणूस मिनिटाला ४० लिटर हवा ओढतो असं धरलं तर ४५ मिनिटं. पण जिना चढताना, पाइप ओढताना, घाबरलेला असताना तोच माणूस मिनिटाला ७० लिटर ओढतो. मग उरली २५ मिनिटं. त्यात आत जायचं, शोधायचं, आणि परत यायचं. दाब साधारण ५०-५५ बारवर आला की सेटची शिट्टी वाजायला लागते. तोवर दारापाशी पोहोचलेलं असावं लागतं. म्हणजे ८०० मीटर धावून ज्याचा श्वास लवकर ताळ्यावर येतो तो आत जास्त वेळ काम करू शकतो. मैदानातली ती दुसरी फेरी इथं उपयोगी पडते.

पाइपाचंही तसंच. आपल्याकडचा नेहमीचा होज ६३ मिलिमीटर व्यासाचा. १५ मीटरची एक लांबी पाण्यानं भरली की आत जवळपास ४७ लिटर पाणी असतं, म्हणजे ४७ किलो, पाइपाचं वजन वेगळं. अशा दोन-तीन लांब्या जोडून जिन्यावरून वर न्यायच्या. एकट्यानं होत नाही. म्हणून कवायतीत सारखी 'क्रू, क्रू' घोकंपट्टी असते: एक नंबरनं काय धरायचं, दोन नंबरनं कुठं उभं राहायचं. सहा महिन्यांच्या कोर्सचा मोठा भाग याच कवायतींचा असतो. होज ड्रिल, लॅडर ड्रिल, पंप चालवणं, गाठी मारणं, धुराच्या खोलीत डोळ्यांना काही दिसत नसताना भिंतीला हात लावून फिरणं.

पुस्तकी भागही आहे, पण तो घाबरण्यासारखा नाही. आगीला तीन गोष्टी लागतात: जळणारा पदार्थ, उष्णता आणि हवा. एक काढली की आग मरते. पाणी उष्णता काढतं, फेस हवा तोडतो, गॅसचा व्हॉल्व्ह बंद केला की जळणारा पदार्थच संपतो. कुठल्या आगीवर यातलं काय वापरायचं हे म्हणजे आगीचे वर्ग. लाकूड-कागद-कापड हा एक वर्ग, पेट्रोल-डिझेलसारखे द्रव दुसरा, वायू तिसरा, मॅग्नेशियमसारखे धातू चौथा. कढईतलं पेटलेलं तेल आपल्या घरातलंच उदाहरण. त्यावर पाणी ओतलं की पाणी तळाशी जातं, तिथं त्याची वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा मागते. सगळं पेटतं तेल छतावर. झाकण ठेवून गॅस बंद करायचा, एवढंच. परीक्षेत हे विचारतात. स्वयंपाकघरात रोज लागू शकतं.

भीतीबद्दल

ताईनं त्या दिवशी शेवटी विचारलंच, "जिवाला धोका असतो ना रे?"

असतो. १४ एप्रिलला आपण बाबासाहेबांची जयंती करतो. त्याच दिवशी देशभर अग्निशमन सेवा दिन असतो, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. १९४४ साली त्या तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टायकिन' नावाच्या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि जवळपास १४०० टन दारूगोळा. दुपारी जवान आत उतरले आणि पाणी मारत राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, पाठोपाठ दुसरा. ६६ जवान गेले. भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे.

ते युद्धाच्या काळातलं झालं म्हणावं तर ९ मे २०१५ आहे. काळबादेवीतल्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली आणि ती इमारत अधिकाऱ्यांवर कोसळली. मुंबईचे प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे, महेंद्र देसाई हे चौघे गेले. दलाचा सगळ्यात वरचा अधिकारी स्वतः जागेवर होता. बाकीच्या कुठल्या खात्यात वरचा माणूस इतका पुढं असतो ते मला माहीत नाही.

मी ताईला हे लपवलं नाही. एवढंच म्हटलं की या खात्यात प्रशिक्षण हे जिवाचं कवच असतं, आणि म्हणूनच कोर्स खरा हवा.

नोकरी लागल्यावर

मुंबईच्या भरतीत अग्निशामकाची वेतनश्रेणी २१,७०० ते ६९,१०० होती. वर महागाई भत्ता, घरभाडे वगैरे. वरची पायरी प्रमुख अग्निशामक. काही दलांत त्यालाच तांडेल म्हणतात, जहाजावरचा शब्द बंबावर आलाय. पुढं अनुभव आणि खात्याच्या परीक्षा-कोर्स यांवर सब ऑफिसर, स्टेशन ऑफिसर. थेट अधिकारी व्हायचं असेल तर कालिन्याचा तो एक वर्षाचा कोर्स किंवा नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय. केंद्रीय गृह मंत्रालयाचं हे महाविद्यालय १९५६ मध्ये रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आलं. तिथं अधिकाऱ्यांचे कोर्स आहेत आणि बारावी सायन्सनंतरची चार वर्षांची फायर इंजिनिअरिंगची पदवीही.

याच महाविद्यालयात २००२ साली नागपूरच्या हर्षिनी कान्हेकर यांनी प्रवेश घेतला. तिथं शिकलेल्या त्या पहिल्या महिला. पुढं त्या ओएनजीसीच्या अग्निशमन सेवेत गेल्या. आता महापालिकांच्या भरतीत महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण असतं, आणि पोलीस भरतीत झुंबड करणाऱ्या मुलींपैकी फारच थोड्या इकडं फिरकतात. उंची १६२ असलेल्या मुलींनी इकडं बघावं असं मी मुद्दाम सांगतो.

महापालिकेखेरीजही दारं आहेत. विमानतळ प्राधिकरण कनिष्ठ सहायक, अग्निशमन सेवा या पदासाठी भरती करतं. उंची १६७, बारावी किंवा ठरावीक विषयांतला तीन वर्षांचा डिप्लोमा, आणि वाहन परवाना हवाच, कारण तिथं जवानाला गाडी चालवता यावी लागते. विमानतळावर अपघात झाला तर तीन मिनिटांच्या आत गाडी पोहोचली पाहिजे असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. सीआयएसएफचा, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा, स्वतंत्र अग्निशमन विभाग आहे. २०२४ च्या भरतीत ११३० जागा होत्या. बारावी सायन्स, वय १८ ते २३, उंची १७०, पाच किलोमीटर २४ मिनिटांत, आणि फक्त पुरुष. रिफायनऱ्या, खत कारखाने यांचीही आपापली दलं आहेत. आणि महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार इमारतींना दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्या कामालाही माणसं लागतात. भाच्याचा डिप्लोमा कामाला आला तर इथं येईल.

ड्रायव्हरचा रस्ता मुलं विसरतात. प्रत्येक दलात वाहनचालक-यंत्रचालक असं पद असतं. गाडी नेणं आणि आगीवर पंप चालवणं ही दोन्ही कामं त्याचीच. त्याला जड वाहनाचा परवाना लागतो आणि तो एका दिवसात मिळत नाही. हलक्या वाहनाचा परवाना हातात येऊन वर्ष झाल्याशिवाय जड वाहनाचं लर्निंगसुद्धा निघत नाही, आणि वय २० हवं. म्हणून अठरा पूर्ण झाल्या झाल्या मोटारीचा परवाना काढून ठेवा. पैसे फारसे जात नाहीत आणि घड्याळ सुरू होतं.

कागदांचं एका वाक्यात: दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव, आधारवरचं नाव आणि जातीच्या दाखल्यावरचं नाव एकच आहे का ते आज बघा, कारण 'पाटील' आणि 'पाटिल' यांत मी पोरांच्या जागा गेलेल्या पाहिल्या आहेत.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाच्याला ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथल्या सिस्टरांनी भिंतीच्या पट्टीला टाच टेकवून उभं केलं. १७०.५. पाच-आठ होती ती बुटासकट. दीड सेंटिमीटरनं मुंबई गेली. वय एकवीस, दहावीला ६१ टक्के, म्हणजे कालिना उघडं आहे. नजर ठीक, रंग सगळे ओळखले. येताना नदीवरून दोन पोती रेती आणली. ताईनं विचारलं, हे पोर्चमध्ये किती दिवस राहणार? म्हटलं, निदान सहा महिने.